तंबूबाहेर काढलेला हात

सुरुवात बूट विकत घेण्यापासून झाली, म्हणून तिथूनच सांगतो. तो दिवा जरा अलीकडे ओढा, तुमचा चेहरा दिसला तर मला बोलणं सोपं जाईल. मी सांगतोय ते असंच घडलं, की माझ्या डोक्यानं नंतर त्याची जुळवाजुळव केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पस्तीस वर्षं विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं. मोजमापात चुका कुठून शिरतात, हा माझा विषय. त्यामुळे काहीही विचित्र दिसलं की आधी स्वतःवर संशय घ्यायचा, ही सवय. बायकोला तिचा फार कंटाळा आहे.

तर बूट. दुकानातल्या बाकावर माझा मेव्हणा बसला होता आणि दुकानदार घामाघूम होऊन त्याच्या पायात बूट कोंबत होता. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी हडकुळा होता, म्हणून घरात त्याला बारक्या म्हणत. आता चौसष्ट वर्षांचा, नव्वद किलोचा, तरी बारक्याच.

"भाऊजी, अंगठा दाबतोय."

"मग एक नंबर मोठा घे."

"मोठ्यात टाच हलते. माझं मेलं कुठेच काही नीट बसत नाही बघा."

तो हसला. मी हसलो नाही. कारण काही वर्षांपूर्वी घरातल्या एका समारंभात, जेवणाच्या टेबलावर, मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की कॉलेज म्हणू नका, दुकान म्हणू नका, याचं आयुष्यात सगळं अर्धवट. टेबलावर हशा पिकला होता. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता. त्या हसण्यानंतर इतक्या वर्षांनी त्यानं अकरा दिवसांच्या चढाईचे दोन अर्ज भरले, एक स्वतःचा आणि एक मला न विचारता माझा. खिंड ओलांडायची आणि पलीकडे उतरायचं.

"एवढी एक गोष्ट पुरी करून दाखवतो," तो म्हणाला. "साक्षीदार म्हणून तुम्ही चला."

निघायच्या दिवशी बायकोनं मला दारातच बाजूला घेतलं. "त्याला दम लागला तर परत आणा. तो ऐकणार नाही. तुम्हीही त्याचं ऐकू नका." मी हो म्हणालो. अगदी सहज हो म्हणालो.

आम्ही अकरा चालणारे होतो. शिवाय एक वाटाड्या, खेचरं हाकणारे चौघं, आणि एक डॉक्टरबाई. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची एक पद्धत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बोटाला लावायचा तो चिमटा तुम्ही पाहिला असेल, रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी दाखवतो. बोट गार असलं तर तो चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून रोज सकाळी, उजाडायच्या जरा आधी, बाई तंबू-तंबूवर फिरायच्या. आपण स्लीपिंग बॅगमध्येच, उबेत पडून राहायचं. त्यांनी तंबूचा क्रमांक पुकारला की दाराची चेन खालून वीतभर उघडायची आणि हात बाहेर काढायचा. त्या चिमटा लावणार, आकडा वाचणार, वहीत लिहिणार. मग त्याच तंबूतला दुसरा हात. बाहेर वारा असा असायचा की चेहरा बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे बाईंना रोज सकाळी माणसं दिसतच नसत. नुसते हात दिसत.

आकडा ऐंशीच्या खाली गेला, की त्या माणसानं खेचरावर बसून परत जायचं. त्यावर वाद नाही.

शेजारच्या तंबूत एक शिंपी होता, भलता मिश्कील. पहिल्याच सकाळी त्याचा आवाज आला, "डॉक्टरबाई, हात दाखवतोच आहे, तर भविष्यही सांगून टाका."

"आज आठ तास चढ आहे," बाई म्हणाल्या. "हेच भविष्य."

त्या सकाळी माझा आकडा नव्वद आला, बारक्याचा चौऱ्याऐंशी. दुसऱ्या सकाळी माझा एकोणनव्वद, त्याचा बरोबर ऐंशी. बाई म्हणाल्या, "काठावर आहात. उद्या कमी आला तर निरोप घेऊ." त्या दिवशी तो माझ्या पुढे चालला, मुद्दाम, आणि शिंप्याच्या प्रत्येक विनोदावर हसला.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मला हलवलं.

"भाऊजी, जागे आहात?"

"हं."

"आज माझा आकडा येत नाही."

"कशावरून?"

"कळतं ते. पाण्यात बुडी मारून बसल्यासारखं वाटतंय."

"मग परत जाऊ. मीही येतो तुझ्याबरोबर."

तो कोपरावर रेलून उठला. मग म्हणाला, "तुम्हाला दोन हात आहेत."

मला लगेच समजलं नाही. समजलं तेव्हा मी उठून बसलो. "वेडा आहेस का?"

"एकच दिवस. या उंचीला दोन दिवसांत शरीर सरावतं, बाईच तर म्हणाल्या. नाहीतर घरी गेल्यावर तुम्ही म्हणणार, बारक्याचं याही वेळी राहिलंच."

"मी नाही म्हणणार."

"म्हणणार नाही. पण मनात येईल ना?"

यावर मला खोटं बोलता आलं नाही. बाहेर पावलं वाजायला लागली होती. मी डाव्या हातातली अंगठी काढून खिशात टाकली. उजवा हात बाहेर काढला, अठ्ठ्याऐंशी. तो आत घेतला, कुशीवर वळलो, डावा बाहेर काढला. चिमट्याचा गार स्पर्श, तो लाल उजेड, आणि बाईंचा आवाज, "सत्त्याऐंशी. मेव्हणेबुवा, सुधारलात की." त्या पुढच्या तंबूकडे गेल्या. बारक्या आवाज न करता हसत होता, त्याचं अख्खं अंग हलत होतं. मग त्या हसण्याचा खोकला झाला आणि त्यानं तो उशीत दाबला.

त्या दिवशी वाट सुट्ट्या दगडांची होती. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरायचं. दुपारी धुकं आलं आणि पुढचा माणूस दिसेनासा झाला. ओल्या खेचरांचा वास, दगड घरंगळल्याचा आवाज, आणि माझ्या पाठीमागे बारक्याचा श्वास. मी थांबलो की तो श्वास जवळ यायचा. एकदा मी वळून पाहिलं तेव्हा तो रुमाल खिशात कोंबत होता. रुमालावर गुलाबी फेस होता. मी पाहिला. पाहिला नाही असं मला आता म्हणता येत नाही. त्या क्षणी मी मनाशी म्हणालो की उजेड कमी आहे, रंगाचा अंदाज चुकतो.

संध्याकाळी जेवणाच्या तंबूत बाईंनी त्याला विचारलं, "डोकं दुखतंय?"

"छे हो. भूक लागलीय."

त्यांनी नखांचा रंग बघायला म्हणून त्याचा हात हातात घेतला. जरा जास्तच वेळ घेतला. मग माझ्याकडे पाहिलं आणि सूपचा वाडगा पुढे सरकवला.

रात्री त्याच्या छातीतून आवाज यायला लागला, उकळायला ठेवलेल्या पाण्यासारखा. मी म्हणालो, "बोलावू का बाईंना?"

"सकाळी... सकाळी सांगू."

"नक्की?"

"नक्की. आता झोपा हो."

मी झोपलो नाही; पडून तो आवाज ऐकत राहिलो. केव्हातरी आवाज मऊ झाला. मग थांबला. मला वाटलं, लागली एकदाची झोप. जीव भांड्यात पडला आणि मीही झोपलो.

हे वाक्य मी रोज स्वतःला म्हणून दाखवतो. जीव भांड्यात पडला आणि मीही झोपलो.

जाग आली ती गोठलेल्या जमिनीवरच्या पावलांनी. तंबूत राखाडी अंधार होता. "चार नंबर. हात." बारक्याला उठवावं असं मनात आलं, पण इतक्या वेळानं झोपलाय, पडू दे, चहा झाला की आपणच बाईंना सगळं सांगू आणि त्याला खाली नेऊ, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं. उजवा हात दिला. "शहाऐंशी." डावा दिला. बाई क्षणभर थांबल्या. "शहाऐंशी," त्या म्हणाल्या. मी हात आत ओढला, काखेत खुपसला आणि त्याच्याकडे पाठ करून तंबूच्या कापडाकडे तोंड केलं. लाज वाटत होती.

बाहेरची पावलं हलली नाहीत.

"आता मेव्हण्यांचा," बाई हळूच म्हणाल्या.

पकडलो गेलो होतो. मी श्वास रोखून पडून राहिलो. मग माझ्या मागे स्लीपिंग बॅगचं कापड सळसळलं. गुळगुळीत, सावकाश. माझ्या मानेजवळून काहीतरी पुढे गेल्याचं जाणवलं, आणि चेन आणखी दोन बोटं उघडल्याचा आवाज आला.

"अरे वा," बाई म्हणाल्या. पेन्सिलीची खरखर. मग ती सळसळ उलट दिशेनं, आणि पावलं पुढच्या तंबूकडे.

मला हायसं वाटलं. बारक्या जागा आहे, त्यानं स्वतःचा हात दिला, आणि आकडा चांगला आला. मी त्या अंधारात, कापडाकडे तोंड करून, हसलो.

पावलं परत आली.

"प्रोफेसर, चिमटा मेव्हण्यांच्या बोटालाच राहिला. त्यांनी हात एकदम आत घेतला. द्या जरा."

"बारक्या, चिमटा दे," मी म्हणालो आणि वळलो.

त्याची बॅग हनुवटीपर्यंत बंद होती. बॅगच्या टोपीची दोरी ओढून गाठ मारलेली होती. मिशीवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता आणि डोळे अर्धे उघडे, तंबूच्या छताकडे. मी त्याच्या कपाळाला हात लावला. दगडाला लावावा तसा.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. बाई आत आल्या. त्यांनी त्याचा जबडा हलवून पाहिला. हलला नाही.

"हे आत्ताचं नाही," त्या म्हणाल्या. "चार तास तरी..." आणि मध्येच थांबल्या. वाटाड्या दारात वाकून उभा होता. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"पहिला हात तुमचा."

"हो."

"दुसराही तुमचाच. अंगठीचा पांढरा वळ आहे त्याच्यावर. काल संध्याकाळी यांचा हात बघितला तेव्हा शंका आली. यांची करंगळी वाकडी आहे. काल सकाळी मी पाहिलेल्या हाताची सरळ होती. म्हणून आज तिसरा मागितला."

लहानपणी दाराच्या फटीत सापडून त्याची करंगळी मोडली होती. चाळीस वर्षांत मला ती दिसेनाशी झाली होती, आपल्या माणसाचं असं होतं.

"आणि... आला?" मी विचारलं.

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. चार नंबरपुढे तीन ओळी होत्या. तिसरीत नव्व्याण्णव, नाडी बासष्ट.

"वाटाड्याचाही इथे ब्याण्णवच्या वर जात नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "मला वाटलं, चिमटा बिघडला. पण करंगळी वाकडीच होती. आणि हात गरम होता... उन्हात बसून आलेल्या माणसासारखा."

तेव्हा वाटाड्यानं बोट दाखवलं. बारक्याच्या बॅगच्या कापडातून, मांडीच्या बाजूला, आतून एक लाल ठिपका दिसत होता.

चेन गोठली होती. वाटाड्यानं श्वासाची वाफ देऊन देऊन ती सोडवली, त्याला बराच वेळ लागला. आत बारक्याचे दोन्ही हात अंगालगत सरळ होते, काठीसारखे ताठ. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिमटा होता. त्यावर आकडे होते. नव्व्याण्णव, बासष्ट. बाजूला ते छोटं हृदयाचं चित्र असतं ना, ते उघडझाप करत होतं. शिंपी दारातून डोकावला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

बाईंनी चिमटा काढला. बोट वाकत नव्हतं, म्हणून ओढावाच लागला. काढल्यावर तो विझला, नेहमी विझतो तसा.

खेचरं हाकणाऱ्या चौघांनी त्याला खाली आणलं. बाई आणि वाटाड्या बरोबर आले. पहिल्या मुक्कामाच्या दगडी खोलीत बाई कागद भरायला बसल्या आणि एका रकान्यापाशी थांबल्या.

"वेळ काय लिहू? शरीर म्हणतं दीड-दोन. वही म्हणते पाच चाळीसला नाडी बासष्ट."

"दोन लिहा," मी म्हणालो.

"का?"

"पाच चाळीस लिहिलं तर तो तोवर जिवंत होता आणि मी शेजारी झोपलो होतो, असं होईल."

"आणि दोन लिहिलं तर?"

दोन लिहिलं तर पाच चाळीसला हात कुणी दिला, हा प्रश्न राहतो. तो मी केला नाही. त्यांनीही केला नाही. त्यांनी दोन लिहिलं. वहीतली ती ओळ मात्र खोडली नाही. मी एक तास तिच्याकडे पाहत बसलो होतो. मोजणाऱ्याची चूक, यंत्राची चूक, नोंदीतली चूक, सगळी प्रकरणं मी मनातल्या मनात पुन्हा शिकवली. एकही लागू पडलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं रडून झाल्यावर मला एकच विचारलं. "शेवटी तुम्ही होतात ना जवळ? त्याचा हात हातात होता?"

"होता," मी म्हणालो.

एवढंच तिला माहीत आहे. वही, चिमटा, माझा डावा हात, यातलं काहीही मी तिला सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंनी त्यानंतर फोन केला नाही. माझी तशी इच्छाही नव्हती.

आता पुढचं. माझंही हृदय आता तितकंसं चांगलं नाही. इथल्या डॉक्टरांनी रोज सकाळी ऑक्सिजन बघायला सांगितलं आहे. चहा झाला की ही चिमटा घेऊन येते. मी उजवा हात पुढे करतो. त्र्याण्णव, ब्याण्णव, नाडी ऐंशीच्या आसपास, माझ्या वयाला ठीक. महिन्यापूर्वी उजव्या हाताला भाजलं होतं, म्हणून तिनं डाव्याला चिमटा लावला. नव्व्याण्णव. बासष्ट.

"बघा, किती छान आला," ती म्हणाली.

ती भाजी आणायला गेली तेव्हा मी तो पुन्हा लावला. जिना चढून आलो आणि लावला. श्वास रोखून लावला. दुकानातून दुसरा चिमटा आणला, मग तिसरा. उजव्या हाताचा आकडा माझ्याबरोबर खालीवर होतो. डाव्याचा हलत नाही. एका माणसाच्या दोन हातांत दोन नाड्या असू शकत नाहीत, हे मी कुणालाही फळ्यावर सिद्ध करून देईन. तेव्हापासून डावा हात मी सकाळी स्वेटरच्या खिशात ठेवतो. तो गरम असतो.

हे सगळं मी कुणाजवळ बोललो नव्हतो. आज तुमच्याकडे आलो, ते काल सकाळच्या प्रकारामुळे.

काल चहा झाला. मी नेहमीसारखा उजवा हात पुढे केला. तिनं चिमटा लावला, चष्मा वर करून आकडा वाचला, "ब्याण्णव." चिमटा काढला. मला वाटलं, झालं. मी हात मागे घेतला. ती उठली नाही. चिमटा तसाच उघडा धरून, वर न बघता, भाजी निवडताना बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाली,

"हा तुमचा झाला. आता त्याचा द्या."

मी तिच्याकडे बघत राहिलो. कुणाचा, असं मी विचारलं नाही. तिचा हात तसाच पुढे होता, वाट बघत.

मी खिशातून डावा हात काढला आणि दिला.